ॲक्रॉइडबाईंचा डबा

माझा नवरा रेल्वेत आहे म्हटलं की सांगलीच्या आमच्या नातेवाइकांचे चेहरे उजळतात, आणि रेल्वेत काय करतो ते सांगितलं की उतरतात. शशिधर गाडी चालवत नाही, तिकिटं तपासत नाही. तो रेल्वेचा शेती-एजंट आहे. लीड्सच्या आसपास रुळांच्या दोन्ही अंगांना शेतं आहेत. त्या शेतकऱ्यांची रेल्वेशी जी काही कटकट असेल ती यानं मिटवायची. कुंपण मोडलं, नाला तुंबला, मेंढ्या रुळांवर जाऊन उभ्या राहिल्या की फोन आमच्याकडे. ‘राहुरीला ॲग्री करून साता समुद्रापलीकडे मेंढ्या हाकायला गेला,’ असं माझ्या सासूबाई चारचौघांत सांगतात. मी हॉस्पिटलच्या फार्मसीत दिवसभर गोळ्यांशी बोलते. शशी बूट चिखलानं भरवून घरी येतो आणि जेवताना गवताच्या जातींबद्दल सांगतो. आमच्या घरात कामावर सुखी असलेला माणूस तोच.

दोन हजार सात साली मात्र त्याचा जीव टांगणीला लागला होता. नोकरी कॉन्ट्रॅक्टची, मार्चअखेर संपणारी. परमनंट होणं एकाच गोष्टीवर अडलं होतं: रॉन ॲक्रॉइड यांची सही. रॉन यांचा गोठा रुळांच्या एका बाजूला आणि कुरण दुसऱ्या बाजूला. रोज दोनदा त्यांच्या गायी फाटक उघडून रूळ ओलांडत. आदल्या वर्षी एक गाय मधोमध रवंथ करत थांबली आणि गाडीला करकचून ब्रेक लावावे लागले. रेल्वेचं म्हणणं, फाटक बंद करू आणि रुळांखालची जुनी विटांची कमान मोठी करून गायींना तिथून वाट देऊ. रॉन यांनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं, आणि ते काही केल्या म्हणत नव्हते. आधी म्हणाले, उतार फार आहे. शशीनं उतार कमी करून नकाशा नेला. मग फरशी घसरडी. मग पाणी साचेल. मग गायी अंधारात जात नाहीत, दिवे हवेत. शशी दर वेळी नवा नकाशा घेऊन जायचा आणि तसाच परत यायचा.

एकदा तो परत आला तर गाडीच्या मागच्या सीटवर एक जुना पत्र्याचा डबा. झाकणावर पुसट झालेले घोडे, आत रुबार्ब नावाच्या आंबट देठांच्या जॅमची बरणी आणि फ्रूटकेक. रॉन यांच्या पत्नीनं, डोरोथीबाईंनी, त्याच्या नकळत ठेवला होता. शशी सरळमार्गी, म्हणजे किती, तर त्यानं दुसऱ्या दिवशी ऑफिसात केकचं वजनसुद्धा सांगितलं. साहेब, ग्रॅहम, हसले आणि म्हणाले, केक चालतो.

आता डबा परत द्यायचा. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. ते माझ्या हाडात आहे. मी त्यात चकल्या भरल्या. पुढच्या खेपेला डब्यातून चीजचे स्कोन, म्हणजे इकडचे छोटे खारे पाव, आले. मी शंकरपाळे पाठवले. अंडी आली. मी भडंग पाठवलं, आणि निरोप आला की रॉन ते ट्रॅक्टरवर बसून चमच्यानं खातात. डोरोथीबाईंना त्यांच्या आईनं हेच शिकवलं होतं म्हणे, की शेजारणीची बशी रिकामी जाऊ द्यायची नाही. झालं! एक यॉर्कशरची, एक सांगलीची. माघार घेणार कोण?

शशी प्रत्येक डब्याची ऑफिसात इमानेइतबारे नोंद देत होता. फेब्रुवारीत ग्रॅहम यांचं हसू संपलं.

“मनीषा, दिस इज सीरियस,” शशी कोट न काढताच म्हणाला. “ज्याची सही घ्यायची त्याच्याकडून वर्षभर गिफ्ट्स घेतोय, असं दिसतंय ते. मंडेपर्यंत बंद झालं नाही तर ही केस दुसऱ्याला देणार. आणि केस गेली की...”

“जॉब गेला,” मी म्हणाले. “त्या ग्रॅहमच्या घरी बायकामाणसं आहेत की नाही?”

“आई, ग्रॅहमला पण थोडा चकली दे ना,” आमची दहा वर्षांची तनू म्हणाली. “मग तो हॅपी होईल.”

“ते तर अजून वाईट!” शशीनं कपाळावर हात मारून घेतला. “तू फक्त डबा एम्प्टी परत दे. प्लीज. एकदाच.”

डबा नेमका माझ्याकडे होता. घासून, पुसून ओट्यावर ठेवलेला. मी त्याच्याकडे बघायची आणि मला संताप यायचा. ठेवून घ्यावा तर दुसऱ्याची वस्तू. रिकामा द्यावा तर हात पुढे होईना. शेवटी आमच्याकडे अशा अडचणीच्या वेळी करतात तेच केलं: तळाशी चिमूटभर साखर टाकली. आणि शनिवारी म्हटलं, मी स्वतः येते. नाही म्हणायचं तर तोंडावर सांगावं.

डोरोथीबाई सत्तरीच्या, गुबगुबीत, हाताला पीठ लागलेलं. त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरातल्या मोठ्या टेबलाशी बसवलं, तनूला गायी दाखवायला कामाच्या पोरीबरोबर गोठ्यात पाठवलं, आणि डबा उघडला.

“हे काय?”

“साखर,” मी म्हणाले. “ऑफिसनं देवाणघेवाण बंद करायला सांगितलीय. पण अगदी रिकामा डबा मला देववेना.”

त्यांनी झाकण परत लावलं. खुर्ची ओढून बसल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. “रॉन, सांगून टाक आता.”

रॉन यांनी बुटांकडे बघितलं. “पहिलाच नकाशा चांगला होता,” ते म्हणाले.

शशीचा चेहरा बघण्यासारखा झाला. “पहिला? मग उतार? ती फरशी?”

“उतार मी सुचवला,” डोरोथीबाई म्हणाल्या. “दिवेही मीच. गायींना काय, त्या अंधारातही जातात. सही झाली की तुमचं येणं बंद. आमचा मुलगा साउथहॅम्प्टनला असतो. ख्रिसमसला येतो तोही घड्याळ बघत. तुम्ही येता, बसता, गायींची नावं घेऊन चौकशी करता. मीच याला म्हटलं, थोडं लांबव.”

मला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी डोकंही फिरलं. “अहो, माझ्या नवऱ्याची नोकरी चाललीय मार्चमध्ये! या एका सहीवर अडलीय ती!”

डोरोथीबाई पांढऱ्याफटक पडल्या. “शशिधर हे कधी बोलले नाहीत.”

आम्ही तिघांनी शशीकडे पाहिलं.

“कसं बोलणार?” तो म्हणाला. “माझ्या नोकरीचं सांगून तुमची सही घ्यायची म्हणजे दबाव टाकणं झालं. तुम्हाला वाट पसंत नसेल तर नाही म्हणायचा तुम्हाला हक्क होता.”

वर्षभर हा माणूस रात्री कुशी बदलत होता आणि इथे येऊन गायींच्या खुरांची चौकशी करत होता. मला त्याचा इतका राग आला, आणि इतका अभिमान वाटला, की मी खिडकीबाहेर बघत बसले.

रॉन उठले. सिंकपाशी जाऊन त्यांनी साबण लावून हात धुतले, पुसले आणि म्हणाले, “पेन.”

“एक मिनिट,” शशी म्हणाला. “डबा टेबलावर असताना मी सही घेऊ शकत नाही.”

डोरोथीबाईंनी मुकाट्यानं डबा उचलला आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवला. रॉन यांनी सही केली. पहिल्याच नकाशावर करत होते, पण शशीनं शेवटचा पुढे केला. “उतार खरंच जास्त होता,” तो म्हणाला, “आणि दिवे असलेले बरे.”

डोरोथीबाई दारात उभ्या होत्या, हात ॲप्रनला पुसत. आता आम्ही उठून जाणार, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“शशी,” मी मराठीत विचारलं, “काम संपलं ना?”

“संपलं.”

“मग नियम?”

त्यानं कागद बॅगेत ठेवले. बॅगेची चेन लावली. नीट विचार केला. तो विचार केल्याशिवाय शिंकतही नाही.

“टेक्निकली,” तो म्हणाला, “सोमवारी हे ग्रॅहमच्या टेबलावर गेलं की मी इथे कुणीच नाही.”

हे मी डोरोथीबाईंना इंग्रजीत सांगितलं. “कुणीच नाही म्हणजे पाहुणे,” वर माझं म्हणून जोडलं. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि ॲप्रन तोंडाला लावून रडायलाच लागल्या. रॉन त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले. माझेही डोळे भरले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

“मग उद्याचा रविवार सोडून पुढच्या रविवारी,” रॉन शशीला म्हणाले. “जेवायलाच या. परवा झालेल्या वासराचं नाव अजून ठेवलेलं नाही.”