तहाच्या आईने वाचलेले लेबल

मित्रांनो, मी एक जुना लेबल-प्रिंटर आहे. हे ऐकून तुमच्यापैकी निम्म्यांचा रस गेला असेल, आणि मला त्याचा राग नाही. झाडाची, नदीची, फाटक्या पुस्तकाची गोष्ट ऐकायला बरी वाटते. करड्या रंगाच्या पेटीची विचारपूस कोण करणार? पण घरातला बिस्किटाचा पुडा एकदा उलटा करून पाहा. वजन, तारीख, माल कुठे तयार झाला, हे सगळे बारीक अक्षरांत छापलेले दिसेल. ते काम माझ्यासारख्यांचे. तुम्ही ते वाचता आणि लगेच खरे मानता. त्या विश्वासाचा मी घात केला आहे. आज बोलतो आहे ते त्याचसाठी.

माझा जन्म तैवानमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात रबरी रोलर बसवला आणि त्याच्यावर तापणारे हेड. कोऱ्या लेबलांचे रीळ आणि काळी रिबन दोन्ही एकदम पुढे सरकतात, हेड तापते आणि रिबनवरची शाई लेबलावर उतरते. माझी अक्षरे पहिल्या दिवसापासून ठळक आणि सरळ. याचा मला फार अभिमान होता. थोडा जास्तच होता, असे आता वाटते.

जहाजातून मी दुबईला आलो आणि अल क्वोजमधल्या एका गोदामात टेबलावर बसलो. तिथे देशोदेशीचा सुका मेवा आणि खजूर मोठ्या खोक्यांतून येई. तो एक-एक किलोच्या डब्यांत भरायचा आणि डब्यावर आमचे लेबल लावायचे, हा तिथला धंदा.

माझा सांभाळ दगडू गुरव यांच्याकडे होता. लांजाकडचा माणूस, बावीस वर्षे दुबईत स्टोअरकीपर. दर गुरुवारी जुन्या बनियनच्या तुकड्याला स्पिरिट लावून ते माझे हेड पुसत. एखादा नवीन कामगार माझे झाकण आपटू लागला की ओरडत, "अरे, हळू! माणसाचं डोकं असं आपटशील काय?" लेबलावरचा मजकूर कॉम्प्युटरवर टाईप करायच्या त्या व्हिवियन मॅडम. त्या मूळच्या वसईच्या. आणि भरलेले डबे व्हॅनमध्ये घालून दुकानांत पोचवायचा तो तहा. तहा पॅलेस्टिनी, पण जन्म शारजातला. हिंदी तो तिथल्याच रोल्ला बाजारातल्या दुकानांत शिकला होता. ती अशी झकास बोले की नवे गिऱ्हाईक त्याला पेशावरचा समजे.

मॅडम टाईप करत, मी छापी, दगडू चिकटवत, तहा पोचवी. आम्ही चौघे मिळून एक काम करत होतो. ही वाटणी लक्षात ठेवा, कारण पुढे तहा सोडून आम्ही सगळे तिच्याच आड लपलो.

काही वर्षांपूर्वी इथल्या सरकारचे आणि इस्रायलचे संबंध जुळले. तिकडचा खजूर उघडपणे येऊ लागला. मोठा, मऊ, महाग खजूर. त्याच्या लेबलावर मी देशाचे खरे नाव छापत होतो. तहाने मॅनेजर परेश यांना सरळ सांगितले होते, की तो माल मी माझ्या हाताने उचलणार नाही. परेश यांनी तेव्हा ते मान्य केले. मग रोज सकाळी एक रिवाजच पडला. तहा व्हॅन मागे घेई, दार उघडी आणि विचारी, "दगडूभाई, ये वाला किधर का है?" दगडू म्हणत, "ये ट्युनिशिया का है, लेके जा." की तहा "यल्ला", म्हणजे चला, म्हणून उचलायला वाके. लेबल तो कधी वाचत नसे. दगडूंचा शब्द त्याला पुरे.

मग युद्ध सुरू झाले. पहिल्या दिवशी व्हिवियन मॅडम सकाळपासून फोनला चिकटून होत्या. त्यांची मावसबहीण इसाबेल इस्रायलमध्ये एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला होती. त्या बाईला व्हीलचेअरसकट सुरक्षित खोलीत ढकलून ती दार धरून बसली होती. शेजारच्या घरातली माणसे मारली गेली होती. तहाने त्या दिवशी मॅडमना पाणी आणून दिले. पुढे गाझावर बॉम्ब पडू लागले. तहाची थोरली बहीण मुनिबा तिथे सासरी होती. तेव्हा पाणी आणून द्यायची पाळी मॅडमची आली. ती पाळी मग फिरलीच नाही.

दुकानदारांनी इस्रायलचा खजूर घ्यायचे बंद केले. गोदामात लाकडी फळ्यांवर रचलेला चार पॅलेट माल पडून राहिला. एके दिवशी परेश माझ्या टेबलापाशी आले.

"व्हिवियन, ओरिजिनच्या लाईनमध्ये जॉर्डन टाक."

"सर, ते चुकीचं आहे. चक्क फ्रॉड आहे हा."

"अगं, जॉर्डन नदीची दरी तीच आहे. नदीचा हा काठ आणि तो काठ. कोणाला काय कळतंय? दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, खलास."

मॅडमनी आधीची ओळ खोडली. मग त्यांनी J-o-r-d-a-n अशी सहा अक्षरे टाईप केली. मी ती छापली. अरबीत आणि इंग्रजीत, ठळक, सरळ. दोन आठवड्यांचे दीड वर्ष झाले. घेणारे कमी झाल्याने आता स्वस्तात मिळणारा तोच माल परेश मागवत राहिले आणि मी जॉर्डन, जॉर्डन, जॉर्डन असे छापत राहिलो.

दगडूंनी त्या काळात एक नवी सवय लावून घेतली. माल ज्या मोठ्या खोक्यांतून येई त्यांच्यावर मळ्याचे आणि देशाचे नाव असे. ती रिकामी खोकी ते उलगडत आणि आतली बाजू बाहेर करून बांधत, म्हणजे तहाला काही दिसू नये. रोजच्या प्रश्नाचे उत्तरही बदलले. तहाने "किधर का है?" म्हटले की ते खाली बघून म्हणत, "लिखा है ना." आणि तहा उचलायला वाके. जो माल हाताने उचलणार नाही म्हणाला होता, तोच माल दीड वर्षे त्याने शारजापासून जेबेल अलीपर्यंत वाहिला.

दगडू माझ्याकडे बोट दाखवत होते. मी मनात मॅडमकडे दाखवत होतो. मॅडम परेशकडे. परेश धरून चौघांत वाटून घेतले की खोटे हलके होते, असे आम्हाला खरोखर वाटत होते.

या उन्हाळ्यात मुनिबा गेली. तंबूवर बॉम्ब पडला. रविवारी दुपारी तहा व्हॅनची चावी द्यायला आला तेव्हा त्याचा चेहरा सुजला होता. त्याच्या अल कुसैसमधल्या घरी तीन दिवस लोक भेटायला येणार होते.

दगडूंनी त्याचा हात धरला. "हमारे गाँव में ऐसे घर में चूल्हा नहीं जलाते. पड़ोसी लोग पिठलं-भात लेके जाते. मैं कुछ खाना भेजूँ?"

"खाना बहुत है, दगडूभाई. खजूर चाहिए. लोग आएगा, क़हवा-कॉफी के साथ देना पड़ता. अम्मी बोली, मुनिबा के लिए सबसे अच्छा वाला." मग त्याने मोठ्या खजुराच्या डब्यांकडे पाहिले. "ये वाला. जॉर्डन का है ना?"

बाजूच्या रॅकवर ट्युनिशियाचा खजूर होता, सौदीचा होता. दगडू तो देऊ शकले असते. पण मग हा का नाही, हे सांगावे लागले असते.

"लिखा है ना," दगडू म्हणाले.

लेबल लावलेले डबे दुकानांचे होते; तहासाठी काढलेल्या वीस भरलेल्या डब्यांवर अजून लेबल नव्हते. दगडूंनी माझे बटण दाबले. मित्रांनो, मला अडकायला येते. रिबन सुरकुतवायची, कागद तिरका ओढायचा, लाल दिवा लावून तासभर हटून बसायचे, हे मी अनेकदा केले आहे, तेही विनाकारण. त्या दिवशी मी अडकलो नाही. वीसच्या वीस लेबले स्वच्छ निघाली. चिकटवायला दगडू पुढे झाले नाहीत; तहानेच ती एकेक सोडवून डब्यांवर चिकटवली. अंगठ्याने नीट दाबून.

सोमवारी मॅडमना हे कळले आणि त्या टाईप करायच्या थांबल्या.

"दगडूभाऊ, बहिणीच्या दुःखात? तोच खजूर?"

"काय करू मॅडम? बोललो असतो तर नोकरी गेली असती. माझ्या पोरीचं, ईश्वरीचं, नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. व्हिसा कॅन्सल झाला तर या वयात मला कोण घेणार?"

"माझी इसाबेल तिकडे मरता मरता वाचली. मला दोन्हीकडचं दुखतं, रोज दुखतं. ते युद्ध आपण नाही थांबवू शकत. पण हे खोटं तिकडून आलेलं नाही. हे इथे, या टेबलावर झालंय. हे आपलं आहे."

"मग जाऊया आपण. सांगूया."

"जाऊया."

ते सोमवारी गेले नाहीत. माल उतरवायचा होता. मंगळवारीही गेले नाहीत. लोक असतील घरात, अशा वेळी कसे सांगायचे, असे एकमेकांना समजावत राहिले. दोघेही भली माणसे, म्हणून त्यांना कारणेही भली सुचत होती.

बुधवारी तहा कामावर आला. हातात उरलेल्या खजुराचा एक डबा होता. घरातल्या दुःखात ज्यांनी मदत केली त्यांना वाटा द्यावा म्हणून आईनेच पाठवला होता. तो माझ्या टेबलाच्या कडेला टेकला आणि हसला. चार दिवसांत पहिल्यांदाच.

"अम्मी बूढ़ी हो गई, दगडूभाई. पहला खजूर मुँह में डाला और रोने लगी. बोली, ये तो अरीहा का है, हमारे उधर का. उधर का पानी थोड़ा खारा है ना, वो खजूर में आता है."

"अरीहा म्हणजे आमच्या बायबलमधलं यरीहो," मॅडम हळूच म्हणाल्या. तहाची आई दहा वर्षांची असताना एका आधीच्या युद्धात तिच्या घरच्यांनी तिथले गाव सोडले होते. पुन्हा तिला ते दिसले नाही.

"मैं बोला, नहीं अम्मी, जॉर्डन का है. वो मानती नहीं थी. सबके सामने झगड़ा. फिर मैंने चश्मा दिया, डिब्बा दिया, बोला, पढ़ो. उसने दो बार पढ़ा." तहाचे हसू विरले. "फिर चुप हो गई. बोली, तो मैं भूल गई होगी. मेरे को अब वो स्वाद भी याद नहीं रहा. तीन दिन से यही बोल रही है. मुनिबा भी गई, और वो भी गया."

बोलता बोलता त्याने डबा दगडूंच्या हातात दिला होता. दगडूंनी डबा खाली ठेवला. मग ते मागे गेले आणि बांधलेल्या रद्दीतून एक खोके ओढून काढले. ते त्यांनी उलटे केले आणि छापलेली बाजू तहासमोर धरली. खजूर त्याच दरीतल्या एका इस्रायली मळ्याचा होता. तो मळा यरीहोपासून फार लांब नव्हता.

"अम्मी सही थी," दगडू म्हणाले. "झूठ मैंने बोला. डेढ़ साल से."

"आपण तिघांनी, परेश सरांसकट," मॅडम म्हणाल्या. मला मोजले असते तर बरे वाटले असते.

तहा ओरडेल, मला उचलून आपटेल, असे मला वाटले. खरे सांगतो, मी त्याची वाट पाहत होतो. पण त्याने ते खोके हातात घेतले, वाचले, नीट घडी केली.

"मेरे को मत बोलो," तो म्हणाला. "मैंने तो लेबल पढ़ाया उसको. मैंने उसको झूठा किया. मेरे साथ चलो, उसको बोलो."

दगडू एकटेच त्याच्याबरोबर तसेच निघाले, चप्पल बदलायलाही थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना सगळे सांगितले, म्हणून मलाही कळले. म्हातारीने पूर्ण ऐकून घेतले. तहाने अरबीत सांगितले तेव्हा आधी तिचा चेहरा उजळला. आपली जीभ चुकली नव्हती. मग तिला दुसरी गोष्ट उमगली. जी माती तिला बालपणी सोडावी लागली, तिथेच दुसऱ्यांनी पिकवलेला खजूर तिने स्वतःच्या लेकीच्या नावाने लोकांना वाटला होता. ती उठली, तेव्हा दगडूंना वाटले की आता हाकलणार. तिने क़हवा आणला. पेला त्यांच्या हातात दिला. खजूर मात्र पुढे केला नाही.

मित्रांनो, मॅडमनी त्यानंतर ती ओळ टाईप करायला नकार दिला आणि नोकरी सोडली. दगडूंना परेशनी दुसऱ्या गोदामात पाठवले. माझ्या जागी नवा प्रिंटर आला, आणि मी आता भंगाराच्या रॅकवर आहे. माझे हेड पुसायला कोणी नाही. याची तक्रार मी करत नाही.

त्या युद्धात कोणाचे किती चुकले, याचा निवाडा माझ्यासारख्या पेटीला जमणार नाही, आणि कोणी तो माझ्यावर सोपवलेलाही नाही. पण एका आईने तीन दिवस आपल्याच जिभेवर अविश्वास ठेवला, तो मी छापलेल्या सहा अक्षरांमुळे. तेवढा हिशेब माझा आहे. मी फक्त छापतो, असे म्हणून तो मला झटकता येत नाही. तुमच्या हातातही उद्या असेच एखादे छोटे काम येईल, कोणाच्या तरी मोठ्या खोट्याचा चौथा भाग. ते नीटनेटके करू नका. अडकून बसा. आणि केलेच असेल, तर खोके उलटे करून दाखवायला जा. उशीर झाला असला तरी जा. कदाचित तुम्हाला क़हवा मिळेल. खजुराची आशा मात्र धरू नका.