प्रत माहितीसाठी

कुणाला काय विचारावं आणि काय विचारू नये, ही अक्कल माणसाला बहुधा विचारून झाल्यावरच येते. मोईजला ती २००९ साली आली, आणि तोवर तिचा काही उपयोग उरला नव्हता.

मोईज बार्शीटाकळीचा. तिथे त्याचे अब्बा गयासुद्दीन विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी वायंडिंग करून देत. मोईज अमरावतीत एका कोचिंग क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा, आणि त्याची धाकटी बहीण इफ्फत त्याच्याजवळ राहून बी.ए. करायची. इफ्फतला जन्मापासून दिसत नव्हतं. परीक्षेत ती उत्तरं सांगायची आणि कॉलेजने दिलेला लेखनिक ती लिहायचा. दुसऱ्या वर्षी अर्थशास्त्रात तिला छत्तीस मार्क पडले. तिने हट्टाने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली आणि मोईजकडून वाचून घेतली. चौथ्या पानावर तिने त्याला थांबवलं. म्हणाली, "हे मी बोललीच नाई, भाई." पुढची सहा पानंही तिची नव्हती. लेखनिकाने कंटाळून गाईडमधली पाठ वाक्यं उतरवली होती.

त्या दिवशी ती जेवली नाही. शेवटच्या वर्षाचा पेपर स्वतःच्या हाताने लिहीन, नाहीतर देणार नाही, असं तिने सांगून टाकलं. ती हट्टी होती, पण या हट्टात तिचं काय चुकलं ते मला कुणी सांगावं.

मोईज तेव्हा 'बोलपाटी' नावाचा एक प्रोग्रॅम लिहीत होताच, त्याने तो नेटाने पुरा केला. मराठी अक्षराची कळ दाबली की कॉम्प्युटर ते अक्षर बोलायचा, ओळ संपली की ओळ वाचून दाखवायचा. विकत मिळणारे असले प्रोग्रॅम महाग, आणि त्यांना मराठी येत नव्हती. बोलपाटी फुकट होती. ज्याला हवी त्याने घ्यावी, आतला कोड उघडून बघावा, हवा तसा बदलावा, म्हणून त्याने ती इंटरनेटवर मोकळी ठेवली. परीक्षा विभागाचे देवराव भला माणूस. त्यांनी एकदा ऐकून पाहिली आणि म्हणाले, आणा तुमचा कॉम्प्युटर, वेगळ्या खोलीत बसवू. इफ्फतने कळा बडवून बडवून बोटांना घट्टे पाडून घेतले.

इथवर सगळं छान चाललं होतं. घोडं अडलं ते भाषेपाशी.

मोईजने बोलपाटी ज्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिली, ती एका मोठ्या अमेरिकन कंपनीने काढलेली. क्लासमध्ये तीच शिकवायची असल्याने त्याला तीच येत होती. भाषा शिकायला कुणाची मनाई नव्हती. पण ती चालवणारी जी यंत्रणा आत असते, तिच्या काही युक्त्यांवर कंपनीचं पेटंट आहे असं बोललं जाई. जगभरच्या हौशी मंडळींनी तशीच दुसरी यंत्रणा बनवून फुकट वाटली होती आणि बोलपाटी तिच्यावर उभी होती. कंपनी गप्प होती. उद्याही गप्प राहील का, यावर या मंडळींत इंटरनेटवर भांडण जुंपलं होतं. निम्मे म्हणत, ही भाषा सोडा. निम्मे म्हणत, आजवर कुणाला हात लावलाय का तिने? मोईज दोन्हीकडचं वाचायचा आणि दोन्हीकडचं त्याला पटायचं.

शेवटी तो घरमालकांकडे गेला. कमलाकांत वकील, चाळीस वर्षं शेताच्या धुऱ्याचे, म्हणजे बांधाचे, आणि वाटणीचे दावे लढलेला माणूस. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. आपल्याकडे नुसत्या प्रोग्रॅमवर पेटंट मिळत नाही, पण परदेशी कंपनीचं काय सांगावं, असं काहीसं बोलले आणि मग त्यांना त्यांच्या ओळखीची वाट सापडली.

"ही तर नुसती वहिवाट झाली, मोईज," ते म्हणाले. "सातबारा कुठाय? शेत घ्यायच्या आधी आपण पेपरात जाहीर नोटीस देतो का नाही, कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवा म्हणून? तसं विचारून घे. कागद हाती असला की माणूस सुखानं झोपतो."

इफ्फतला हे मुळीच आवडलं नाही. "निजलेल्याले कावून उठवून राहिले तुमी?" ती म्हणाली. मोईजने ऐकलं नाही. बहिणीचा पेपर, उद्या कुणी बोट ठेवायला नको, असं त्याला वाटलं. त्याची नियत साफ होती, आणि साफ नियतीच्या माणसाला अडवायचं तरी कसं?

नोव्हेंबरात वकीलसाहेबांनी खरेदीखताच्या इंग्रजीत पत्र लिहिलं आणि पोचपावतीसह रजिस्टर केलं. त्यात बोलपाटी आली, इफ्फत आली, परीक्षा आली. आणि खाली, चाळीस वर्षांच्या सवयीने, त्यांनी एक ओळ टाकली: प्रत माहितीसाठी, परीक्षा विभाग. कॉलेजची प्रत त्यांनी स्वतः नेऊन दिली आणि तिच्यावर शिक्का घेतला.

जानेवारीत उत्तर आलं. कंपनीच्या वकिलांनी कुठे नाही म्हटलं नव्हतं. आम्ही परवानगी देत नाही, हक्कही सोडत नाही, आमचे सर्व अधिकार राखून ठेवतो, एवढंच. त्यांनीही रीत पाळली आणि एक प्रत कॉलेजला धाडली.

देवरावांनी मोईजला बोलावून फाईल पुढे केली.

"कागद आला नसता तर मी काई विचारलंच नसतं," ते म्हणाले. "आता आला. आता मले डोळे झाकता येत नाई."

मोईजने हातापाया पडणं तेवढं बाकी ठेवलं. प्राचार्य त्या महिन्यात शेतकरी पॅकेजच्या कुठल्याशा समितीवर गुंतलेले. ते दोनदा भेटले आणि दोन्हीदा म्हणाले की दुसऱ्या भाषेत लिहून आणा, मग बघू. दोन वर्षांचं काम, सहा आठवड्यांत. मोईज नवी भाषा शिकत शिकत लिहीत गेला. परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्या बोलपाटीला स्वर बोलता येत होते, आणि व्यंजनांपैकी एकटा 'क'. कमलाकांत वकील त्या दिवसांत त्यांच्या दारावरून जाताना खाली बघून जात.

पेपर देणार नाही म्हणणारी इफ्फत शेवटी बसली. वर्ष वाया घालवणं त्या घराला परवडणारं नव्हतं.

या खेपेला लेखनिक म्हणून माणिकबाई मिळाल्या, कॉलेजातल्याच शिपाई, दहावी पास. मायाळू बाई. त्यांनी आधी इफ्फतला पाणी दिलं, मग पेन घेतलं. मोईज बाहेर व्हरांड्यात खिडकीपाशी उभा राहिला.

तिसरा प्रश्न विदर्भातल्या शेतीसंकटाच्या कारणांचा होता. इफ्फतचा चेहरा उजळला. ती सांगू लागली, "आमच्या बार्शीटाकळीत पूर्वी लोक जळालेली मोटार दुरुस्तीला आणत. मग आणेनासे झाले. आता आणतात ती आतली तांब्याची तार विकायला. ज्याने तार विकली, त्याने ओलिताची आशा सोडली असं समजावं." असं ती खूप वेळ बोलली. हे कुठल्या गाईडमध्ये नव्हतं. अब्बांच्या दुकानात बसून तिने ते कानांनी गोळा केलं होतं.

माणिकबाईंची बोटं सुजली होती. त्यांनी थोडं लिहिलं, पेन ठेवून बोटं चोळली, पुन्हा थोडं लिहिलं.

"वाचून दाखवता?" इफ्फतने विचारलं.

बाईंनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि मोटार, तार, ओलिताची आशा, सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. बाईंची पाठ खिडकीकडे होती, त्यामुळे मोईजला कागद दिसत होता. ठसठशीत अक्षरात त्यावर दोन ओळी होत्या: पावसाची अनियमितता, कर्जबाजारीपणा व सिंचनाचा अभाव ही प्रमुख कारणे होत.

मोईजने तोंड उघडलं. बाहेरून एक शब्द गेला असता तर कॉपीची केस आणि पेपर जप्त. त्याने तोंड मिटलं.

"बरोबर," इफ्फत म्हणाली. "पुढचा घ्या."

तीन तासांनी ती बाहेर आली तेव्हा हसत होती. मोईजच्या गाडीवर मागे बसून तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाई लय चांगली होती, भाई. सगळं वाचून दाखवलं तिनं. या वर्षी झेरॉक्स मागवायचं काम नाई."

"नाई," मोईज म्हणाला, आणि त्याने गाडीला किक मारली.