तोंड उघडेना तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण माझ्यात बघून कुणी भांग पाडत नाही की टिकली लावत नाही. माझा चेहरा रुपयाच्या नाण्याएवढा गोल आणि मागे वीतभर स्टीलची दांडी. मी माणसांच्या तोंडात शिरतो आणि बाहेरून न दिसणाऱ्या दाढा दाखवतो. दातांच्या डॉक्टरांच्या हातात असतो, तो मी.

कारखान्यात माझी दांडी घासली गेली, काच बसली आणि अकरा भावंडांबरोबर एका खोक्यात बसून मी भंडाऱ्याला डॉक्टर वासुदेवरावांकडे आलो. तिथे मी एकोणीस वर्षं राबलो. किती तोंडं पाहिली, मोजदाद नाही. तंबाखूचा गुडाखू घासून काळे पडलेले दात, सुपारी-तंबाखूच्या खर्र्याने सोललेले गाल, लहान मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढा. "तो आरसा द्या, त्यात नीट दिसतं," असं डॉक्टर म्हणायचे तेव्हा मला बरं वाटायचं. पुढे काचेच्या कडेला ओरखडा पडला. नवे आरसे आले आणि मी खणात गेलो. खणात अंधार होता, पण आवाज ऐकू यायचे. रोज दुसऱ्याला हाक मारलेली ऐकत मी पडून राहिलो.

तिथून मला बाहेर काढलं मेघाने. ती करडी गावची आशाताई, घरोघर जाऊन तब्येतीची चौकशी करणारी. डॉक्टरांकडे दातांच्या तपासणीचं प्रशिक्षण संपलं, सगळ्या आशाताई निघाल्या, तरी ती टेबलाजवळ घुटमळत राहिली.

"सर, एखादा जुना आरसा असला तर द्या ना. नुसत्या बॅटरीनं मागची दाढ दिसत नाही."

डॉक्टरांनी मला पुसून तिच्या हातात ठेवलं. म्हणाले, "दरवेळी वीस मिनिटं उकळायचा. आणि एक ध्यानात ठेव. दाढ ठणकायची थांबली म्हणजे बरी झाली असं नाही. कधीकधी आतली नस मरते, म्हणून ठणका थांबतो. पू मात्र साचतच राहतो."

मेघाच्या घरी सासू रुखमिणी आणि सासरे सोमाजी. नवरा कामाला नागपुरात. रुखमिणी म्हणजे धानाची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या बायांची म्होरकी. तिने बांधावरून आवाज दिला की वीस बाया चिखलात उतरायच्या. त्या वर्षी रोवणीच्या आधी तिची डावी दाढ दोन आठवडे ठणकली. तिने लवंग धरली, दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या, आणि एक दिवस ठणका आपोआप थांबला. मेघाने हट्टाने तिला उजेडात बसवलं आणि मला तिच्या तोंडात घातलं.

मी पाहिलं. खालची मागची दाढ मधोमध पोखरलेली होती. तिच्या बाजूला हिरडीवर मोहरीएवढी पांढरी पुळी होती. मेघाने बोटाने दाबताच पू आला.

"आई, ह्या दाढेत पू हाय. उद्या मोहाडीच्या दवाखान्यात जाऊन दाखवू."

"आता दुखत नाही तर काहून जाऊ?"

"दुखत नाही म्हणूनच मले भेव वाटते."

"तुयं कामच हाय ते, भेव दाखवाचं. रोवणी होऊ दे, मंग पाहू."

मेघाने तीनदा विषय काढला. तिसऱ्यांदा रुखमिणी ताटावरून उठून गेली. मग मेघा गप्प बसली. सुनेने सासूला किती वेळा सांगायचं, यालाही हद्द असते. तिने मला उकळून कोरडं केलं आणि डब्यात ठेवलं. झाकण लावताना तिचा हात जरा थांबला, तेवढं मला दिसलं.

नऊ दिवसांनी सकाळी डबा घाईने उघडला.

रुखमिणी ओसरीत खांबाला टेकून बसली होती. डावा गाल फुगला होता आणि सूज जबड्यावरून खाली उतरून हनुवटीखाली पसरली होती. अंगात ताप होता. सोमाजी तव्यावर मिठाची पोटली गरम करत होता.

"शेकलं की बसते सूज. माह्या मायची अशीच बसली होती," तो म्हणाला.

"शेकू नका बाबा. थांबा," मेघा म्हणाली. "आई, तोंड उघडा."

रुखमिणीने प्रयत्न केला. करंगळीचं टोक जाईल एवढीच फट झाली. मेघाने मला पुढे नेलं. मी तिच्या दातांवर आपटलो आणि तिथेच अडलो. आयुष्यभर मी तोंडात शिरत आलो होतो. त्या दिवशी मला आत जाता आलं नाही.

मेघाने हनुवटीखाली बोट टेकवलं. सूज लाकडासारखी कडक लागली. तिने वाटीत पाणी दिलं. रुखमिणीने घोट घेतला, पण तो गिळवेना. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं. तिची लाळही तशीच गळत होती, आणि ती काही बोलली तर तोंडात गरम भात असल्यासारखं ऐकू येत होतं.

"बाबा, आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या लागते."

"दाढेसाठी एवढी धावपळ? लोक काय म्हणतील?"

मेघाने सासऱ्याकडे पाहिलं. या घरात तिने आवाज कधी चढवला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. "सूज आतून गळ्याकडं जाऊन राहिली. श्वासाची नळी दाबली तर रस्त्यात काहीच करता येणार नाही. लोकायले मी सांगीन."

सोमाजीने तवा उतरवला.

मेघाने फोन लावला, पण ॲम्ब्युलन्स दूरच्या गावात पेशंट आणायला गेली होती, यायला तास लागणार होता. मेघाने शेजारच्या कैलाशला हाक मारली. त्याची पिकअप दारात आली. सोमाजी रुखमिणीला आडवं करायला निघाला, पण मेघाने तिला बसवलं, जरा पुढे झुकवून. "झोपवू नका, श्वास अडकल." मी तिच्या मुठीतच राहिलो होतो, डब्यात ठेवायचं तिला सुचलं नव्हतं.

वैनगंगेचा पूल आला तेव्हा रुखमिणीचा श्वास घरघरू लागला. तिने मेघाचं मनगट धरलं, इतकं घट्ट की मेघाची बांगडी पिचली. डोळे मेघाच्या तोंडाकडे लागले होते.  सोमाजी कैलाशला म्हणाला, "रस्त्यातल्या गड्ड्यायले नको पाहू, चालव."

दवाखान्यात डॉक्टर अपेक्षा नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांनी एकदा हनुवटीखाली हात लावला आणि लगेच स्ट्रेचर मागवलं. दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर मेघा बसून राहिली, मांडीवर हात आणि हातात मी.  आपण नऊ दिवस आधी गप्प का बसलो, हेच तिच्या मनात फिरत असावं. ती माझ्या दांडीवरून पुन्हापुन्हा अंगठा फिरवत होती.

दोन तासांनी डॉक्टरबाई बाहेर आल्या. "गळ्याखाली चीर देऊन पू काढलाय. दाढ काढली, ती वाचण्यासारखी नव्हती. शिरेतून औषधं चालू आहेत. श्वास मोकळा झालाय." मग त्यांनी विचारलं, "यांना आणायचं कुणी ठरवलं?"

सोमाजी उठून उभा राहिला. "माह्या सुनेनं," तो म्हणाला.

"चार तास उशीर झाला असता तर मला काही करता आलं नसतं."

सहा दिवसांनी रुखमिणी घरी आली. गळ्यावर पट्टी होती. रोवणी तिच्यावाचून झाली होती आणि धानही उभं राहिलं होतं. ती बांधावर गेली, पाहून आली आणि मेघापुढे येऊन बसली.

"तेव्हाच गेली असती तर दाढ वाचली असती का वं?"

मेघाने खरं तेच सांगितलं. "हो आई. आतली नस साफ करून भरली असती."

 रुखमिणीने मान वळवली. "तुमी बी बसा इथं," ती सोमाजीला म्हणाली. "थंड्या पाण्यानं दात शिवशिवते म्हणत होते ना?"

सोमाजी येऊन बसला. मेघाने मला उकळून आणलं. त्याच्या दाढेवर तिळाएवढा काळा डाग होता. हिरडी चांगली होती, पू नव्हता. दुसऱ्या दिवशी तो मोहाडीला गेला, दाढ भरून घेतली आणि दुपारच्या जेवणाला घरी आला.

मित्रांनो, मी फक्त दाखवू शकतो, तुम्हाला उठवून नेऊ शकत नाही. दात शिवशिवला, ठणकला, हिरडीवर पुळी आली तर घरात सांगा. ठणका थांबला तरी सांगा. सूज खाली उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, तर त्याच पावली दवाखान्यात निघा. आणि तुमच्या घरात कुणी पुन्हापुन्हा तीच गोष्ट सांगत असेल, तर ताटावरून उठून जाऊ नका. ऐकून घ्या, आणि तोंड उघडा.