दादानं जपून ठेवलेली कॉपी

भावाच्या रक्ततपासणीच्या लॅबची वेबसाइट धाकटी बहीण सांभाळायची. मोबदला म्हणून अधूनमधून सल्ला मिळायचा. कधीतरी ती परक्या माणसासारखी बाहेरून साइटची दारं ठोठावून बघायची. त्या दुपारी जांभया देत तिनं ब्राउझरमध्ये साइटचा एक पत्ता अंदाजानं टाकला आणि डेटाबेसचा पासवर्डच उघडावाघडा समोर आला. त्या पासवर्डमागे सगळ्या पेशंटचे रिपोर्ट होते.

तिनं फोन लावला. "दादा, पासवर्ड असलेल्या कॉन्फिग फाइलला हात लावलास?"

"लावण्याआधी शेजारी कॉपी ठेवली. नावाच्या शेवटी 'ओल्ड' जोडलं. मी काय तुझ्यासारखा धांदरट आहे?"

तिनं कपाळाला हात लावला. "मूळ फाइल सर्व्हर चालवतो, आतलं कुणाला दाखवत नाही. तू कॉपीच्या नावाचं शेपूट बदललंस, म्हणून तो तिला साधा मजकूर समजतो आणि मागेल त्याला वाचायला देतो."

दादानं घाईनं विचारलं, "कुणी वाचली?"

तिनं कॉपी उडवली, पासवर्ड बदलला, मूळ फाइल वेबसाइटच्या फोल्डरबाहेर हलवली आणि मग जीव मुठीत धरून कुणी काय उघडलं याची सर्व्हरवरची नोंद बघितली. कॉपी एकाच कॉम्प्युटरवरून उघडली गेली होती, तिच्या स्वतःच्या.

"फक्त मी," ती म्हणाली.

"बघ, उगाच घाबरवतेस. बरं, आता नव्या फाइलची एक कॉपी काढून ठेवू का?"

उत्तर द्यायच्या आधी तिनं दादाचं सर्व्हरवरचं लॉगिन बंद केलं.

"ठेव की," ती म्हणाली.