ढगाच्या काठची जाळी

अमरनाथ केजच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. पुण्यात तो कॉम्प्युटरवर एक गणित सोडवायचा: धुळीच्या ढगातून ताऱ्याचा प्रकाश कसा पुढे जातो. त्यासाठी ढगावर जाळी टाकल्यासारखे चौकोन पाडावे लागत. सगळीकडे बारीक पाडले की मशीन आठवडाभर अडकून पडायचं. अमरनाथने निवड प्रोग्रामवरच सोपवली. प्रकाश जिथे एकाएकी मंदावतो, म्हणजे ढगाच्या काठाशी, तिथेच चौकोन बारीक करायचे, बाकी मोठेच ठेवायचे. आठवड्याचं काम एका दुपारी उरकू लागलं. त्याचे मार्गदर्शक मोहनराव सर म्हणाले, "तुझी पीएचडी झाली समज."

ती झाली नाही. सत्त्याण्णव साली वडिलांना अर्धांगवायू झाला आणि अमरनाथ दुकानावर बसायला परत आला. प्रोग्राम सरांकडे राहिला. "काम तुझंच आहे, सांभाळून ठेवतो," सर म्हणाले होते.

पुढे बीडच्या एका कॉलेजात सरांचं व्याख्यान ठरलं. दुकान आईवर, मल्लम्मावर, सोपवून अमरनाथ एसटीने गेला. पडद्यावर त्याचाच ढग आला, काठाशी दाट होत गेलेली त्याचीच जाळी. खाली नावं दोन: सरांचं आणि अमेरिकेला गेलेल्या एका विद्यार्थ्याचं.

प्रश्नांच्या वेळी तो उठला. "सर, ही कल्पना कोणाची?"

सरांनी त्याला ओळखलं. जरासे हसले. "कल्पना कुणा एकाची नसते. आमच्या गटाचं काम आहे हे."

टाळ्या वाजल्या. अमरनाथ खाली बसला.

बाहेर सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तू थांबला असतास तर तुझंही नाव असतं. बरं, औरंगाबादला जायला इथे जीप मिळेल का?"

त्याने जीप ठरवून दिली. सरांची बॅगही उचलून आत ठेवली. जीप गेल्यावर त्याला स्वतःच्याच हातांची किळस आली.

घरी मल्लम्माने विचारलं, "सरांनी वळखलं का तुला?"

"वळखलं."

"मग तोंड कावून उतरलंय? पुन्यात परत ये म्हनले न्हाईत का?"

"न्हाई."

खाटेवरून वडील वाकड्या तोंडाने, अडखळत म्हणाले, "माझ्यापायी झालं रे."

हे ते नेहमीच म्हणायचे, आणि अमरनाथ दर वेळी "तसं काही न्हाई" म्हणून त्यांची समजूत घालायचा. आज तो काहीच बोलला नाही. वडिलांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग भिंतीकडे मान फिरवली.