देखभालीचा रकाना

"काका, परत एकदा लावा. वेळ मी बघते," हिशेब सांभाळणारी अनुपमा म्हणाली.

श्यामकांतने कॅटलॉगची तीच फाइल दोन्ही कॉम्प्युटरवर पुन्हा सोडली. एक त्याने स्वतः पार्ट आणून जुळवलेला टॉवर, दुसरा बघायला मागवलेला, जेवणाच्या डब्याएवढा तयार कॉम्प्युटर. साकीनाक्याच्या त्या छपाई कारखान्यातले बावीसही टॉवर श्यामकांतच्या हातचे होते. आता सगळे बदलायचे होते. नवे पुन्हा जुळवायचे की तयार आणायचे, याचा तक्ता मालकांनी त्याच्याकडूनच मागितला होता. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्याच त्या, पण या माणसाला चोरी कधी जमलीच नाही.

डब्याने काम चार मिनिटांत उरकलं. टॉवरला सहा लागली. श्यामकांतने दोन्ही आकडे निमूट लिहिले.

"स्पीडमध्ये मार खाल्ला. पण किंमत बघ ना! माझा नगामागे पंधरा हजारांनी स्वस्त. वर उद्या पार्ट बदलता येतो. त्या डब्यात काय बदलणार?"

"बिघडला तर त्यांचा माणूस येतो. तीन वर्षं फुकट." अनुपमाचं बोट तक्त्यावर थांबलं. "काका, तुमच्या बाजूला देखभालीचा रकाना रिकामाय."

"त्याला कुठे खर्च येतो? मीच करतो की!"

बोलला आणि आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. सव्वीस वर्षं तो असे तक्ते करत होता आणि दर वेळी हा रकाना रिकामा सोडत होता. स्वतःला खर्चात धरायचं त्याला सुचलंच नव्हतं.

अनुपमाने बोट मागे घेतलं. मग हळूच म्हणाली, "राहू दे. असाच पाठवू या."

"अर्धवट कसा पाठवायचा? मालक विचारतील ना."

तिने हट्ट धरावा असं त्याला फार वाटत होतं. तिने धरला नाही. निवृत्तीला चार वर्षं बाकी होती, आणि चौपन्नाव्या वर्षी जुळवाजुळव करणाऱ्याला दारात कोण उभं करणार? घरी बायकोला, नीलाला काय सांगायचं, तेही कळेना.

अनुपमाने त्याचा तीन वर्षांचा पगार रकान्यात टाकला. बावीस टॉवरची सगळी स्वस्ताई त्यात बुडाली, वर डबेच स्वस्त ठरले. ती स्क्रीनकडेच बघत राहिली.

"दिवाळीचा बोनस राहिला," श्यामकांत म्हणाला. "तोपण धर."

तिने आकडा वाढवला. त्याने चष्मा पुसला आणि पुढे वाकून बेरीज तपासली. बरोबर होती.