कुंकवाची जागा

"आखो उनी," आरसा पालथा घालत सरला म्हणाली. "तिसरी खेप शे हाई, बाई."

मी तिची मोठी जाऊ. इथे गोडादऱ्यात, लूम कामगारांच्या वस्तीत, आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. कपाळाच्या मध्यावर, नेमक्या कुंकवाच्या जागी, तिची मसुराएवढी गाठ पुन्हा वर आली होती. कातडीचा कॅन्सर, उन्हानं होणारा. गावी, अमळनेरकडे, कपाशी निंदायचो तेव्हा पदर सारखा मागे सरकायचा, आणि तो पुढे ओढायला हात मोकळे कुठे असायचे?

दोनदा ती गाठ गोठवून झाली होती. नळीतून पांढरी वाफ सोडतात, फोड येतो, खपली धरते. ती पडेपर्यंत काही लावायचं नाही. पण ही न्हाऊन उठली की आधी कुंकू रेटायची. खपली निघायची, आणि कुंकवाखाली गाठ कधी वाढली ते कुणाला दिसायचंही नाही.

तिसऱ्यांदा गोठवताना डॉक्टरीणबाई वैतागल्या. "मासी, अब आया तो काटना पडेगा. कपाल खाली रखो."

"खाली म्हंजे कोरं कपाय? मना धनी जित्ता शे," घरी येताच सरला फणफणली.

तिचे धनी, निंबाभाऊ, खाटेवर खोकत होते. लूमवर जन्म गेला त्यांचा. "मी जित्ता शे हाई गल्लीले सांगाले कुकू कशाले? मी खोकस तेवढं पुरे."

मी हसले नाही. दोन वर्षं एका चिमटीपायी वाया गेली होती, आणि तिला त्याचं काहीच नव्हतं.

दहा दिवसांनी सरलाच्या पलीकडच्या घरी, मालतीबाईंकडे, संक्रांतीचं हळदी-कुंकू होतं. "कपाय कोरं काबर व?" म्हणत त्यांनी कुंकवाचं बोट पुढे केलं. खपली अजून ओली होती. नको म्हणणं म्हणजे अपशकुन. आता ही कपाळ पुढे करणार, या खात्रीनं मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा सरलानं मालतीबाईंचं मनगट धरलेलं होतं.

"खाली," ती म्हणाली.

"काय खाली?"

"डाक्टरनी सांगेल शे, खाली. वर नही, अठे." तिनं मान उंच करून मंगळसूत्राच्या वाट्यांवर बोट ठेवलं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेवढ्यात भिंतीपलीकडून निंबाभाऊंची उबळ ऐकू आली, चांगली लांबलचक.

"ऐकू येस ना?" सरला म्हणाली. "लाव आते."